विश्लेषण : भास्कराचार्यांचा कुट्टक आणि मोबाइलमधील गुप्त किल्ली यांचे नाते काय?

जळगावात केळीचे पैसे मोबाइलवरून चुकते होतात, धुळ्यात घरबसल्या सातबारा उतारा डाउनलोड होतो. या प्रत्येक व्यवहारामागे काही गुप्त किल्ल्या काम करीत असतात. त्यांपैकी एक महत्त्वाची किल्ली ज्या गणिती रीतीने तयार होते, ती रीत खान्देशाशी घट्ट नाते असलेल्या भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये ‘लीलावती’ या ग्रंथात पायरीपायरीने मांडली होती. कोण होते हे भास्कराचार्य, त्यांचा कुट्टक म्हणजे काय आणि आजच्या ऑनलाइन सुरक्षेत त्याचे स्थान काय, याचा हा आढावा.

भास्कराचार्य कोण होते?

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ.स. १११४ मधला. वडील महेश्वर हे शांडिल्य गोत्राचे, ज्योतिष आणि गणितात पारंगत पंडित. भास्कराचार्यांचे पहिले गुरू तेच. घराण्यात विद्येची परंपरा अनेक पिढ्यांची होती. शिलालेखातील वंशावळ त्रिविक्रमापासून सुरू होते आणि भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर अशी उतरत भास्कराचार्यांपर्यंत येते. यातील भास्करभट्टाला भोज राजाने विद्यापती ही पदवी दिल्याची नोंद त्यात आहे.

वयाच्या ३६ व्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ पुरा केला. त्याचे चार भाग : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिल्यात अंकगणित व भूमिती, दुसऱ्यात अज्ञात राशींचे गणित, उरलेल्या दोहोंत खगोलशास्त्र. सूत्रे पद्यात लिहिण्याची तेव्हाची रीत होती. मात्र पद्यातून नुसता नियम कळतो, तो का लागू पडतो ते कळत नाही. म्हणून भास्कराचार्यांनी स्वतःच्याच ग्रंथावर ‘वासनाभाष्य’ लिहिले आणि नियमांमागची कारणे उलगडली. शिकणाऱ्याला नियमाचे कारणही कळले पाहिजे, हा त्यांच्या सगळ्या लेखनामागचा आग्रह दिसतो.

जन्मसाल इतके नेमके कसे कळते?

ते त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे, पण आकड्यांत नव्हे, शब्दांत. त्या काळी आकडे पद्यात बसवण्यासाठी भूतसंख्या नावाची पद्धत वापरत. रस सहा म्हणून रस म्हणजे ६, गुण तीन म्हणून गुण म्हणजे ३, पूर्ण म्हणजे ०, मही म्हणजे पृथ्वी एकच म्हणून १. हे शब्द ओळीने लिहायचे आणि आकडे उजवीकडून डावीकडे वाचायचे. अशा वाचनातून शके १०३६ हे वर्ष निघते.

वरवर पाहता ही सांकेतिक भाषा वाटते. पण यात गुप्त काहीच नव्हते. कोणत्या शब्दाला कोणता आकडा, हे शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक असे. आजच्या भाषेत सांगायचे तर हे कोडिंग झाले, एन्क्रिप्शन नव्हे. एन्क्रिप्शनमध्ये रीत सर्वांना माहीत असली तरी चालते, मात्र एक किल्ली फक्त ठरावीक माणसाकडेच असावी लागते. ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञाने १८८३ मध्ये हेच तत्त्व मांडले होते : पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी चालेल, किल्ली पडता कामा नये. आजची सारी ऑनलाइन सुरक्षा या एका तत्त्वावर उभी आहे.

कुट्टक म्हणजे काय?

कुट्टक म्हणजे कुटणारा, बारीक करणारा. मोठ्या संख्या कुटून लहान करीत उत्तरापर्यंत जाण्याची ही रीत आहे. एक साधे उदाहरण घेऊ. टोपलीत काही केळी आहेत. पाच-पाचचे वाटे केले तर ३ उरतात, सात-सातचे केले तर २ उरतात. मग केळी किती? उत्तर २३. त्याच्या पुढचे उत्तर ५८. इतक्या लहान संख्या असतील तर अंदाजाने जमते. वाटे हजारांचे किंवा कोटींचे झाले की अंदाज चालत नाही, तिथे कुट्टक लागतो.

लीलावतीतील प्रसिद्ध उदाहरण असे : २२१ ला कोणत्या संख्येने गुणून त्यात ६५ मिळवले असता १९५ ने नि:शेष भाग जातो? इथे २२१ ला भाज्य, १९५ ला हार, ६५ ला क्षेप म्हणतात. शोधायची संख्या म्हणजे गुण, आणि येणारा भागाकार म्हणजे लब्धी. भास्कराचार्य आधी तिन्ही संख्यांना सामाईक विभाजकाने भागायला सांगतात. याला अपवर्तन म्हणतात. १३ ने भागले की १७, १५ आणि ५ उरतात. गुण ५ घेतला तर १७ गुणिले ५ म्हणजे ८५, अधिक ५ म्हणजे ९०, आणि ९० भागिले १५ म्हणजे ६. मूळ संख्यांनाही हेच उत्तर लागू पडते. २२१ गुणिले ५ म्हणजे ११०५, त्यात ६५ मिळवले की ११७०, आणि १९५ ने भागले की ६.

याच ठिकाणी ते एक सावधगिरीही सांगतात. ज्या संख्येने भाज्य आणि हार यांना भाग जातो, तिने क्षेपाला भाग जात नसेल, तर प्रश्नच चुकीचा आहे. उत्तर शोधत बसू नये.

ही रीत सर्वप्रथम भास्कराचार्यांनीच शोधली का?

नाही. इ.स. ४९९ मध्ये आर्यभटांनी ती अतिशय थोडक्यात दिली होती. सातव्या शतकात पहिल्या भास्कराने तिचा विस्तार केला, तर ब्रह्मगुप्तांनी ६२८ मधील ग्रंथात तिला महत्त्वाचे स्थान दिले. तिच्यातील अर्धा भाग, म्हणजे मोठ्या संख्येला लहान संख्येने भागत बाकीचा पाठलाग करणे, हा ग्रीक गणिती युक्लिडच्या ग्रंथातही आहे. भास्कराचार्यांचे श्रेय वेगळे आहे. विखुरलेली, अवघड वाटणारी ही रीत त्यांनी सुटसुटीत पायऱ्यांत बांधली, तिचे अपवाद सांगितले, ऋण क्षेप आल्यास काय करायचे ते सांगितले आणि ती विद्यार्थ्याच्या पाठ्यपुस्तकात आणून ठेवली. युरोपात अशा समीकरणांची सामान्य रीत सतराव्या शतकात बाशे या फ्रेंच गणितीने दिली.

त्यांना स्वतःला कुट्टक कशासाठी लागत होता?

ग्रहगणितासाठी. एखाद्या दिवशी ग्रह कोठे आहे हे काढताना राशी, अंश, कला, विकला असे भागाकार करीत खाली जावे लागते आणि शेवटी एक बाकी उरते. भास्कराचार्य दाखवतात, की फक्त ही शेवटची बाकी हाती दिली तरी कुट्टकाच्या साहाय्याने उलट चढत जाऊन ग्रहाचे पूर्ण स्थान आणि गेलेल्या दिवसांची संख्याही मिळवता येते. म्हणजे पुसून गेलेला हिशेब एका बाकीवरून परत उभा करता येतो. बाकीवरून मूळ संख्येकडे परतण्याचा हा विचार लक्षात ठेवण्यासारखा आहे. आजची गुप्त किल्ली नेमके तेच काम करते.

आजच्या किल्लीत कुट्टक कुठे येतो?

पूर्वी गुप्त संदेशासाठी दोन्ही बाजूंकडे एकच किल्ली असावी लागे. ती आधी सुरक्षितपणे पोहोचवायची कशी, हाच मोठा प्रश्न होता. १९७६ मध्ये व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी उघड्या वाटेवरही सामाईक किल्ली ठरवता येते हे दाखवले. १९७७ मध्ये अमेरिकेतील एमआयटीत रॉन रिव्हेस्ट, आदी शमीर आणि लिओनार्ड एडलमन यांनी किल्ल्यांच्या जोडीची पद्धत दिली. तिघांच्या आडनावांवरून तिला आरएसए म्हणतात. ब्रिटनच्या गुप्तवार्ता संस्थेत क्लिफर्ड कॉक्स यांना १९७३ मध्येच हीच कल्पना सुचली होती, पण ते १९९७ मध्ये उघड झाले.

या पद्धतीत एक किल्ली सार्वजनिक असते, जगाला सांगितली तरी चालते. दुसरी खासगी असते. सार्वजनिक किल्लीने बंद केलेले कुलूप फक्त खासगी किल्लीने उघडते. ही खासगी किल्ली तयार कशी होते, ते लहान संख्यांवर पाहू.

दोन मूळ संख्या घेतल्या, ५ आणि ११. त्यांचा गुणाकार ५५ हा सर्वांना सांगायचा. प्रत्येकातून एक वजा करून आलेल्या ४ आणि १० यांचा गुणाकार ४० मात्र गुप्त ठेवायचा. सार्वजनिक किल्ली म्हणून ७ निवडली. आता अशी संख्या हवी, की तिला ७ ने गुणून १ वजा केला असता ४० ने नि:शेष भाग जावा. हा थेट कुट्टकाचा प्रश्न आहे : भाज्य ७, हार ४०, ऋण क्षेप १.

भास्कराचार्यांच्या रीतीने ४० ला ७ ने भागले, भागाकार ५, बाकी ५. मग ७ ला ५ ने, भागाकार १, बाकी २. मग ५ ला २ ने, भागाकार २, बाकी १. हे भागाकार ५, १, २ एकाखाली एक लिहायचे आणि खाली क्षेप १ व शून्य ठेवायचे. या उभ्या रांगेला वल्ली म्हणजे वेल म्हणतात. आता खालून वर चढायचे. २ गुणिले १ अधिक ० म्हणजे २. १ गुणिले २ अधिक १ म्हणजे ३. ५ गुणिले ३ अधिक २ म्हणजे १७. हा धन क्षेपाचा गुण झाला, कारण ७ गुणिले १७ अधिक १ म्हणजे १२० ला ४० ने भाग जातो. ऋण क्षेप असेल तर हा गुण हारातून वजा करावा, असे भास्कराचार्य सांगतात. ४० वजा १७ म्हणजे २३. हीच खासगी किल्ली. पडताळा सोपा आहे : ७ गुणिले २३ म्हणजे १६१, त्यातून १ वजा केला की १६०, म्हणजे ४० ची चौपट.

आता संदेश म्हणून २ हा आकडा पाठवायचा आहे. २ चा सातवा घात १२८, त्याला ५५ ने भागून बाकी १८. वाटेत कोणी पाहिले तर त्याला १८ दिसेल. ज्याच्याकडे २३ ही किल्ली आहे तो १८ चा तेविसावा घात घेऊन ५५ ने भागतो आणि बाकी पुन्हा २ मिळते. प्रत्यक्षात ५५ च्या जागी सुमारे ६१७ अंकी संख्या असते. आकार बदलला, रीत तीच राहिली. संगणकातील प्रोग्राममध्ये ती विस्तारित युक्लिड पद्धत या नावाने ओळखली जाते.

मग कोणालाही कुट्टक वापरून किल्ली काढता येईल का?

येणार नाही, आणि सुरक्षेचा सारा भार याच एका गोष्टीवर आहे. कुट्टक मांडायला ४० ही संख्या लागते. ती मिळवायला ५ आणि ११ माहीत हवेत. जगाला फक्त ५५ माहीत आहे. ५५ चे अवयव शाळकरी मुलगाही पाडेल, पण ६१७ अंकी संख्येचे अवयव पाडणे आजच्या सर्वात वेगवान संगणकांनाही वाजवी वेळात जमलेले नाही. म्हणजे कुट्टक हे किल्ली घडवणाऱ्या कारागिराचे हत्यार आहे. त्याला घडवण्यासाठी लागणारे माप चोराच्या हाती गेले, तर तोच कुट्टक चोरालाही क्षणात किल्ली घडवून देईल. म्हणूनच गणिताइतकेच महत्त्व किल्ली सांभाळण्याला आहे.

किल्ली सांभाळणे म्हणजे नेमके काय?

तंत्रज्ञ याला की मॅनेजमेंट म्हणतात. त्यात पाच कामे येतात. किल्ली अंदाज बांधता येणार नाही अशा आकड्यांतून घडवणे. ती सुरक्षित जागी ठेवणे. सार्वजनिक किल्ली खरोखर त्याच व्यक्तीची आहे याची खात्री देणे. ठरावीक काळाने ती बदलणे. आणि चोरीला गेल्यास ती तातडीने रद्द झाल्याचे सर्वांना कळवणे.

डिजिटल सातबाऱ्याचे उदाहरण घेता येईल. महाराष्ट्रात २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले. त्यावर शाईची सही नसते. गावपातळीवरील महसूल अधिकाऱ्याच्या खासगी किल्लीने उताऱ्यातील मजकुराशी बांधलेली एक मोठी संख्या तयार होते. मजकुरात एक आकडा बदलला तरी ती जुळत नाही. तपासणाऱ्याकडे सार्वजनिक किल्ली असते. ती किल्ली त्याच अधिकाऱ्याची आहे, याची ग्वाही परवानाधारक प्रमाणन संस्था देते आणि त्या संस्थांवर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार नेमलेल्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकांची देखरेख असते. याच कायद्याच्या ४२ व्या कलमाप्रमाणे खासगी किल्ली आपल्या ताब्यात राहील याची काळजी घेणे, आणि ती हातची गेल्यास विनाविलंब प्रमाणन संस्थेला कळवणे, ही किल्लीधारकाची जबाबदारी आहे. डिजिटल सहीचा टोकन आणि त्याचा पिन दुसऱ्याच्या हाती देऊन सही करून घे म्हणणे, हे कोऱ्या कागदावर सही करून देण्यासारखेच आहे.

हलगर्जीपणा झाला तर काय होते?

याची उदाहरणे घडलेली आहेत. २०११ मध्ये नेदरलँड्समधील डिजिनोटार या प्रमाणन संस्थेत घुसखोरी झाली आणि गूगलसह अनेक संकेतस्थळांच्या नावाने बनावट प्रमाणपत्रे निघाली. ब्राउझर कंपन्यांनी त्या संस्थेवरचा विश्वास काढून घेतला आणि काही आठवड्यांत ती दिवाळखोरीत गेली. गणित कोणीही फोडले नव्हते, ते देणाऱ्यांवरचा विश्वास फुटला होता.

दुसरे उदाहरण तर थेट अपवर्तनाच्या पायरीशी जोडलेले आहे. २०१२ मध्ये संशोधकांच्या दोन गटांनी इंटरनेटवरील लाखो सार्वजनिक किल्ल्या गोळा करून तपासल्या. घडवताना यदृच्छ आकडे नीट न निवडल्याने अनेक किल्ल्यांत एक मूळ संख्या सामाईक निघाली. समजा एकाची सार्वजनिक संख्या ५५ आणि दुसऱ्याची ७७ आहे. दोन्हींचा सामाईक विभाजक काढला, की ११ मिळतो आणि दोन्ही कुलुपे एकदम उघडतात. सामाईक विभाजक काढणे हे कुट्टकाचे पहिले पाऊल. जी रीत किल्ली घडवते, तीच निष्काळजीपणे घडवलेली किल्ली उघडतेही.

भास्कराचार्यांचे पुढील आयुष्य कसे गेले?

‘बीजगणित’ ग्रंथात त्यांनी चक्रवाल ही आणखी एक रीत दिली. एका वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला असता पुन्हा वर्ग यावा, अशी सर्वात लहान पूर्ण संख्या कोणती? हे उदाहरण वरवर साधे दिसते, पण उत्तर आहे २२,६१,५३,९८०. त्यातून येणारा दुसरा वर्ग १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा. हाच ६१ चा प्रश्न फ्रेंच गणिती फर्मा यांनी १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांना आव्हान म्हणून घातला होता. भास्कराचार्यांनी ते पाचशे वर्षांपूर्वीच सोडवून ठेवले होते. ग्रहाची त्या क्षणाची गती काढण्याचा त्यांचा विचारही पुढच्या गणिताची चाहूल देणारा मानला जातो.

इ.स. ११८३ मध्ये, वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. पंचांग करणाऱ्याला रोजच्या कामात झटपट वापरता यावे, असे हे पुस्तक. मोठा सिद्धान्तग्रंथ लिहिणारा पंडित उतारवयात कामकऱ्यांसाठी सोपे हातपुस्तक लिहितो, यातून त्यांची वृत्ती दिसते. त्यानंतरचा त्यांचा माग लागत नाही. मृत्यूचे वर्ष म्हणून ११८५ दिले जाते.

पाटणशी त्यांचा संबंध कसा उघड झाला?

चाळीसगावपासून थोड्या अंतरावर, डोंगरांच्या कुशीत पाटणादेवीचे स्थान आहे. आज हा भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. बाराव्या-तेराव्या शतकात पाटण हे यादवांच्या मांडलिक निकुंभ राजांचे ठाणे होते. मुंबईचे डॉक्टर आणि प्राच्यविद्या पंडित भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये इथल्या देवळातील शिलालेख अभ्यासकांपुढे आणला आणि भास्कराचार्यांचे घराणे प्रकाशात आले.

शिलालेख इ.स. १२०७ मधला आहे. भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपालाने आपल्या दरबारी नेले. लक्ष्मीधरांचे पुत्र चंगदेव हे सिंघण राजाचे मुख्य ज्योतिषी झाले. या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून पाटणला मठ काढला आणि निकुंभ राजा सोइदेवाने त्याला दान दिले. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. त्यात मठाचा खर्च कसा चालावा याची व्यवस्था आहे : बाजारातील विक्रीवरचा राजाचा हिस्सा मठाला, तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे थोडे तेल मठाला, आणि माल मोजायचा तो मठाच्याच मापाने. विद्येचा खर्च बाजाराने उचलावा आणि बाजाराचे माप विद्येच्या घरी राहावे, अशी ही योजना होती. चाळीसगाव तालुक्यातीलच बहाळ येथे इ.स. १२२२ चा दुसरा लेख आहे. तो भास्कराचार्यांच्या भावाचा नातू अनंतदेव याचा.

त्यांचे जन्मस्थळ नेमके कोणते?

इथे मात्र सावध राहावे लागते. भास्कराचार्य आपले गाव सह्य पर्वताजवळचे विज्जडविड असे सांगतात. हे विज्जडविड म्हणजे पाटणचा परिसर, असे खान्देशात मानले जाते. काही अभ्यासक ते कर्नाटकातील विजापूर असल्याचे सांगतात, तर काही बीडकडे बोट दाखवतात. पाटणच्या शिलालेखातून घराण्याचा आणि त्यांच्या ग्रंथांच्या मठाचा पुरावा मिळतो, जन्माचा थेट पुरावा मिळत नाही. असे असले, तरी त्यांच्या विद्येची पहिली शाळा दगडावर कोरलेल्या पुराव्यानिशी खान्देशात होती, ही गोष्ट कोणी नाकारत नाही.

लीलावतीच्या लग्नाच्या कथेबाबतही हेच. घटिकापात्रात मोती पडून मुहूर्त चुकल्याची गोष्ट घरोघरी सांगितली जाते. पण ती फैजी याने १५८७ मध्ये अकबरासाठी केलेल्या फारसी भाषांतरातून आलेली, म्हणजे ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी नोंदली गेलेली आहे. मूळ ग्रंथात एका मुलीला उद्देशून प्रश्न घातले आहेत. ती त्यांची कन्या होती का, हे ग्रंथ सांगत नाही.

त्यांना संगणकीय गुप्ततेचे जनक म्हणावे का?

तसे म्हणणे त्यांच्यावरच अन्याय ठरेल. भास्कराचार्यांनी गुप्त संदेशांसाठी काही लिहिले नाही. आरएसए घडवणाऱ्यांनी लीलावती वाचून ती पद्धत शोधली, असेही नाही. खरे एवढेच आहे, की ग्रहांच्या हिशेबासाठी घडवलेली एक रीत इतकी पक्की निघाली, की आठशे वर्षांनी अगदी वेगळ्या कामाला ती जशीच्या तशी लागू पडली. लीलावती १८१६ मध्ये जॉन टेलर यांच्या आणि १८१७ मध्ये कोलब्रुक यांच्या इंग्रजी भाषांतराने जगापुढे गेली. मराठीत ना. ह. फडके यांचे ‘लीलावती पुनर्दर्शन’ १९७१ मध्ये आले. भास्कर हे नाव घेऊन भारताचा उपग्रह ७ जून १९७९ रोजी अवकाशात गेला.

पुढे काय?

नव्या सुरक्षित जोडण्यांमध्ये किल्ली ठरवण्यासाठी आरएसए मागे पडली आहे. २०१८ पासूनच्या टीएलएस १.३ या नियमावलीत ती मुख्यतः स्वाक्षरीपुरती उरली आणि वक्ररेषांवर आधारित नव्या किल्ल्या आल्या. त्यांच्या हिशेबातही व्यस्त संख्या काढावी लागते, म्हणजे कुट्टकाचाच प्रश्न सोडवावा लागतो. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवल्याप्रमाणे पुरेसा मोठा क्वांटम संगणक तयार झाला, तर या दोन्ही पद्धतींची कुलुपे उघडतील. म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटमलाही दाद न देणाऱ्या नव्या पद्धतींची पहिली मानके जाहीर केली. बँका आणि सरकारी कार्यालयांना येत्या काळात जुन्या किल्ल्या बदलाव्या लागतील.

कुलूप बदलले, तरी नियम बदलणार नाही. रीत सर्वांना शिकवावी आणि किल्ली मात्र ज्याची त्याने जपावी. पहिले काम भास्कराचार्यांनी करून ठेवले आणि त्यांच्या नातवाने पाटणला त्याची शाळा घातली. दुसरे काम आज प्रत्येक मोबाइलधारकाच्या हाती आहे. पिन आणि ओटीपी कोणाला न सांगणे, डिजिटल सहीचा टोकन दुसऱ्याच्या हवाली न करणे आणि तो हरवताच कळवणे, इतके पाळले तरी पुष्कळसे पैसे आणि जमिनी वाचतील.